टिचकूचं गाजर आणि ठुमीचं सूप

बसलात? मांडी घातली? मग ऐका.

हौसाकाकूंच्या परसात लाकडांचा ढीग होता. ढिगाखाली एक बीळ होतं. बिळात राहायचा टिचकू उंदीर. अंगाने एवढासा. शेपूट तेवढीशी. गप्पा मात्र एवढ्या मोठ्या.

टिचकूला एक बहीण होती. तिचं नाव ठुमी. ठुमीला झाली सर्दी. नाक बंद. घसा खरखर. आक्छी, आक्छी.

ठुमीने काल काही खाल्लं नाही. आज सकाळीही काही खाल्लं नाही. नुसती पानाच्या पांघरुणात पडून राहिली.

आई म्हणाली, "तिला गरम काहीतरी द्यायला हवं. मी दाणे घेऊन येते. तू तिच्याजवळ बस."

टिचकू म्हणाला, "मी सूप करतो. मला सगळं येतं."

आई म्हणाली, "कधी शिकलास?"

टिचकू म्हणाला, "बघून बघून."

आई गेली. टिचकू लागला कामाला.

तीन खडे मांडले. झाली चूल. पत्र्याचं झाकण ठेवलं. झालं पातेलं. हौसाकाकूंनी चिकनचा तुकडा दिला होता. तो घातला. हळद चिमूटभर. आलं नखभर. लसूण, मिरी, कढीपत्त्याचं एक पान. करी मसाला, शिंक येईल इतका. नारळाचं दूध, थेंब थेंब थेंब.

रट रट रट. सूप शिजू लागलं.

ठुमी पांघरुणातून म्हणाली, "दादा, सूपमध्ये शेवया घाल. लांब लांब. नुसतं सूप मी नाही पिणार."

शेवया तर गव्हाच्या. आणि गव्हाचं खाल्लं की ठुमीचं पोट व्हायचं टम्म. टम्म टम्म, ढोलकं. मग दुखायचं, दुखायचं, किती दुखायचं. म्हणून गव्हाचा एक कणही घरात येत नसे.

टिचकूने डोकं खाजवलं. "गाजराच्या शेवया केल्या तर?"

"चालतील," ठुमी म्हणाली. "पण लांब."

वाफ्यात एकच गाजर उरलं होतं. टिचकूने ते उपटलं. हुश्श. धुण्याच्या दगडापर्यंत ओढत आणलं.

आता सरळ घरी जायचं ना? पण नाही. टिचकू चढला गाजरावर. म्हणाला, "बघा, मी कसा नाचतो." बघायला कुणीच नव्हतं. तरी नाचला.

टुणुक टुणुक. टुणुक टुणुक.

गाजर फिरलं. टिचकू घसरला. धप्प.

गाजर गेलं घरंगळत. गडगड, गडगड. दगडाखाली होतं खेकड्याचं बीळ. गाजर गेलं बिळात. आणि बसलं अडकून.

आक्छी. घरातून आवाज आला.

टिचकूने बिळात डोकावलं. आत होता खेकडेदादा.

खेकडेदादा म्हणाला, "माझ्या दारात गाजर कुणी घातलं?"

टिचकू म्हणाला, "आपोआप पडलं."

"गाजर आपोआप चालत आलं?"

टिचकूने मान खाली घातली. "बरं. खरं सांगतो.

मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

खेकडेदादा, खेकडेदादा, गाजर दे.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

खेकडेदादा म्हणाला, "देईन रे. पण आत्ता नाही. माती झालीय कडक. गाजर हलत नाही. आधी पाणी आण."

टिचकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. तो गेला घागरीकडे. घागर होती पाण्याने भरलेली. काठोकाठ.

घागरबाई म्हणाली, "का रे टिचकू, नाकाला धूळ कसली?"

टिचकू म्हणाला,

"मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

घागरबाई, घागरबाई, पाणी दे.
पाणी खेकड्याला.
खेकडा देईल गाजर.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

घागरबाई म्हणाली, "देईन रे. पण आत्ता नाही. मी केवढी जड. मी कलंडू कशी? आधी शेळीला आण. ती ढकलेल."

टिचकूने स्वतःच ढकलून बघितलं. हय्या. घागर हलली नाही. टिचकूच मागे सरकला.

"राहू दे," घागरबाई म्हणाली.

"हो, राहू दे," टिचकू म्हणाला.

आक्छी. घरातून आवाज आला.

टिचकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. तो गेला शेळीकडे.

शेळीमावशी म्हणाली, "का रे टिचकू, नाकाला धूळ कसली?"

टिचकू म्हणाला,

"मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

शेळीमावशी, शेळीमावशी, घागर ढकल.
घागर देईल पाणी.
पाणी खेकड्याला.
खेकडा देईल गाजर.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

शेळीमावशी हसली. बें हें हें. "नाचलास? त्या गाजरावर? एवढ्याशा पायांनी?"

"तुला हसायचं असेल तर हस," टिचकू म्हणाला. "पण ढकलशील ना?"

शेळीमावशी म्हणाली, "ढकलेन रे. पण आत्ता नाही. पोट रिकामं. अंगात जोर कुठला? आधी शेवग्याचा पाला आण."

टिचकू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. तो गेला शेवग्याकडे. शेवगा कुंपणाजवळ उभा होता. उंच उंच. आणि सारखा हलत होता. सळसळ, सळसळ.

शेवगेकाका म्हणाले, "का रे टिचकू, नाकाला धूळ कसली?"

टिचकू म्हणाला,

"मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

शेवगेकाका, शेवगेकाका, पाला द्या.
पाला शेळीला.
शेळी ढकलेल घागर.
घागर देईल पाणी.
पाणी खेकड्याला.
खेकडा देईल गाजर.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

शेवगेकाका म्हणाले, "देईन रे. पण आत्ता नाही. बघ माझ्या अंगावर. सुरवंटच सुरवंट. खाज, खाज, नुसती खाज. आधी साळुंकीला आण. ती टिपेल."

आक्छी. घरातून आवाज आला. पण या वेळी अगदी बारीक.

टिचकू पळाला. तुरुतुरुतुरु, तुरुतुरुतुरु. साळुंकी बसली होती कौलावर. समोर घरटं होतं. अर्धवट.

साळुंकीताई म्हणाली, "का रे टिचकू, नाकाला धूळ कसली?"

टिचकू म्हणाला,

"मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

साळुंकीताई, साळुंकीताई, सुरवंट टिप.
शेवगा देईल पाला.
पाला शेळीला.
शेळी ढकलेल घागर.
घागर देईल पाणी.
पाणी खेकड्याला.
खेकडा देईल गाजर.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

साळुंकीताई म्हणाली, "टिपेन रे. पण आत्ता नाही. माझं घरटं बघ. एक काडी लावली की दुसरी निसटते. आधी दोरा आण. बांधून घेते."

टिचकूने कान टवकारले. आता शिंक येईल. आता येईल. आलीच नाही. घरात एकदम शांत.

ठुमी झोपली की काय? की शिंकायलाही जोर उरला नाही? आपण नाचलो नसतो, तर ठुमी एव्हाना सूप प्यायली असती. तो असा पळाला, असा पळाला, की शेपूट मागे राहते की काय असं वाटलं.

पडवीत हौसाकाकू बसल्या होत्या. मांडीवर गोधडी. नाकावर चष्मा. टिचकू समोर उभा राहिला. काकूंनी विचारायच्या आधीच बोलू लागला.

"मी मोठा शहाणा. गाजरावर नाचलो.
गाजर गेलं बिळात. मी पडलो धुळीत.

हौसाकाकू, हौसाकाकू, दोरा द्या.
दोरा साळुंकीला.
साळुंकी टिपेल सुरवंट.
शेवगा देईल पाला.
पाला शेळीला.
शेळी ढकलेल घागर.
घागर देईल पाणी.
पाणी खेकड्याला.
खेकडा देईल गाजर.
गाजराच्या शेवया. शेवयांचं सूप.
सूप पिईल ठुमी."

काकू म्हणाल्या, "अरे, जरा दम खा. केवढ्या धापा टाकतोस. दोरा देईन रे. पण आत्ता नाही. दोरा ओवला सुईत, आणि सुईच हरवली. चष्मा लावला, तरी दिसेना. आधी सुई शोधून दे."

टिचकू म्हणाला, "मी शोधतो. माझी नजर फार तीक्ष्ण आहे."

पेटीखाली गेला. सुई नाही. पाटाखाली गेला. सुई नाही. काकूंच्या चपलेत शिरला. सुई नाही. सापडला एक शेंगदाणा. तो खाल्ला नाही. मनात आलं होतं, पण नाही खाल्ला.

टिचकू दमला. म्हणाला, "थांबा काकू. मी जरा बसतो. बसून विचार करतो. विचार केला की मला सगळं सुचतं."

आणि टिचकू गोधडीवर बसला.

टोच.

"आई गं," टिचकू म्हणाला. आणि टुणकन उडाला.

काकूंनी वाकून पाहिलं. गोधडीत सुई होती. सुईत लाल दोरा होता.

टिचकू मागे हात लावून म्हणाला, "डोळ्यांनी एवढं शोधलं. सापडली ती इथे."

काकू हसल्या. इतक्या हसल्या, की चष्मा नाकावरून घसरला. टिचकूही हसला. हसताना दुखत होतं, तरी हसला.

"हा घे दोरा," काकू म्हणाल्या. "लांबच लांब तोडलाय. पळ आता."

टिचकू पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

काकूंनी दिला दोरा. दोरा साळुंकीला. साळुंकीने घरटं बांधलं. गाठ, गाठ, गाठ. मग उडाली भुर्र.

साळुंकीने टिपले सुरवंट. टिप टिप, टिप टिप. एकही उरला नाही.

शेवगेकाका म्हणाले, "आहाहा. गेली एकदाची खाज." शेवग्याने दिला पाला. भुरभुर, भुरभुर. निम्मा पाला टिचकूच्या डोक्यावर. टिचकू दिसेना. पाल्याचा एक ढीग तुरुतुरु चालत निघाला.

पाला शेळीला. शेळीने खाल्ला. चर चर चर. शेळीमावशीने ढेकर दिली. "आता बघ माझा जोर."

शेळीने ढकलली घागर. ढुश्श.

घागर कलंडली. घागरीने दिलं पाणी. खळ खळ खळ. पाणी गेलं दगडाखाली.

पाणी खेकड्याला. माती झाली मऊ. खेकडेदादाने नांगी लावली. सर्र, सर्र, सर्रकन गाजर बाहेर.

खेकड्याने दिलं गाजर. म्हणाला, "घे. आणि आता?"

"आता सरळ घरी," टिचकू म्हणाला.

आणि खरंच, सरळ घरी गेला. गाजर ओढत. हुश्श, हुश्श. एकदा पाय जरासा उडाला. टिचकूने पायाकडे रागाने बघितलं. पाय गप्प झाला.

घरी ठुमी डोळे मिटून पडली होती. टिचकूने तिच्या कपाळाला हात लावला.

ठुमीने एक डोळा उघडला. "दादा, लांब आहेत ना?"

टिचकूला किती बरं वाटलं.

"खूप लांब," तो म्हणाला.

पातेल्याखाली निखारे होतेच. सूप हळूहळू शिजत होतं. बुड बुड बुड. चिकन झालं होतं मऊ मऊ. टिचकूने गाजर धुतलं. दात लावले. कुर्र, कुर्र, कुर्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत. निघाली एक शेवई. लांबच लांब. निघाली दुसरी. निघाली तिसरी. केशरी केशरी शेवया पडल्या सूपमध्ये. डुब, डुब, डुब.

ठुमी उठून बसली. टिचकूने वाटी पुढे केली.

सुर्र. ठुमीने एक शेवई ओढली. सुर्र. दुसरी ओढली. अर्धी वाटी संपली. गाल गरम झाले. नाकातून आवाज आला. सूं, सूं, सूंऽ.

"दादा, नाक उघडलं. मला वास येतोय."

"कसला?"

"आल्याचा. कढीपत्त्याचा." ठुमीने अजून एक घोट घेतला. मग ती थांबली. "दादा."

"काय गं?"

"मीठ?"

टिचकूने बोट बुडवलं. चाखलं. अळणी. अगदी अळणी.

तेवढ्यात आई आली. दाण्यांची पिशवी खाली ठेवली. तिनेही चाखलं. टिचकूकडे बघत राहिली.

"बघून बघून शिकलो," टिचकू म्हणाला. "मीठ घालताना तेवढं बघायचं राहिलं."

आई हसली. ठुमी हसली. टिचकू तर पोट धरून हसला. मग त्याने मीठ घातलं. थोडंसं. आईला विचारून.

ठुमी दुसरी वाटी प्यायली. मग तिसरी. पोट टम्म झालं नाही. पोट दुखलं नाही. पोट झालं गरम गरम. पातेल्यात उरलं थोडंसं सूप आणि सगळ्यात लांब शेवई.

"ही तुझी," ठुमी म्हणाली. आणि तिने ती दादाच्या वाटीत घातली.

सुर्रर्रर्रर्र.

वाटी झाली रिकामी. पोट झालं भरलेलं. पातेलं झालं पालथं. संपली गोष्ट.