चाकातली हवा आणि गायकाचा दम

एकदा एक गायक आपल्या गुरूंकडे गाणं सोडायची परवानगी मागायला गेला. विषमज्वरातून तो नुकताच उठला होता. गुरूंच्या घरापर्यंतचा जो रस्ता पूर्वी तो सायकलवर गुणगुणत पार करी, तो आता त्याचा जीव काढत असे. धापा टाकत पोचायचा, लगेच गायला बसायचा, आणि पहिल्याच लांब आलापात श्वास तुटायचा. गायकाचा श्वासच गेला तर उरलं काय? बिचारा पार खचला होता.

"गुरुजी, माझा दम संपला. आता मला मोकळं करा," असं म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वृद्ध गुरूंनी ना समजूत घातली, ना धीर दिला. पायांत चपला सरकवल्या आणि शिष्याचीच सायकल हाती घेतली. "तू माझी घे. तळ्याकाठच्या देवळापर्यंत जाऊ."

शिष्य चक्रावला. इथे माझं आयुष्य बुडतंय आणि यांना फेरफटका सुचतोय! पण गुरूंपुढे बोलणार कोण? धाकधूक मनात घेऊन त्याने पायडल मारलं, आणि सायकल पळू लागली. मधला चढही सहज सरला. देवळापाशी उतरून त्याने छातीवर हात ठेवला. श्वास शांत होता. मागे वळून पाहतो तर गुरुजींचा पत्ता नाही.

बऱ्याच वेळाने ते आले. घामाघूम, सायकल हाताने ढकलत.

"गुरुजी, बरं वाटत नाही का?" शिष्य धावला.

"मला काही झालेलं नाही. तू आधी गा."

त्याने भीत भीत षड्ज लावला. स्वर लांबला, लांबतच गेला, कुठे तुटला नाही. गाणं थांबवून तो रडला आणि मग लहान मुलासारखा हसत सुटला.

"आता तुझ्या सायकलीचं मागचं चाक दाब," गुरुजी म्हणाले.

अंगठा सरळ आत गेला.

"वामना, तू अंथरुणावर होतास तेव्हा ही भिंतीला टेकून होती. हवा रोज थोडी थोडी निघून गेली. नुसतं पाहिलं तर चाक ठीक दिसतं. माणूस बसला की ते जमिनीवर पसरतं आणि तुझ्या पायांची निम्मी ताकद तेच खातं. आज तू फाटकातून आत आलास तेव्हा माझ्या ध्यानात आलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू मानलं असतंस? घाबरलेल्या माणसाला वाटतं, समोरचा आपली समजूत काढतोय. म्हणून तुझ्या पायांनाच बोलू दिलं. तुझा दम कुठेही गेला नव्हता रे, चाकातली हवा गेली होती. आणि आता ही परत ढकलत तू न्यायचीस, माझा मात्र खरंच दम निघालाय!"

आपण संपलो, असं ठरवण्याआधी आपणही एकदा चाक दाबून पाहावं.