दणकट विमान आणि एक झुरळ

मिरजेत भाऊसाहेब खर्डेकरांचं खेळण्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या तोऱ्यापुढे गिऱ्हाईकं टरकून असत. एकदा इंदुताई ढवळे तिथं आल्या. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये आणि स्वारी दिवसभर घरात चिडचिड करत बसलेली. तेव्हा त्यांना हवं होतं रिमोटवर उडणारं छोटंसं विमान, घरातल्या घरात भिंतीवर आपटलं तरी न मोडणारं.

भाऊसाहेबांनी काउंटरवर चार विमानं मांडली. "चारही दणकट! पण सगळ्यात दणकट कोणतं, ते हात न लावता ओळखा. ओळखलंत तर फुकट न्या. चुकलात तर मी देईन ते मुकाट्यानं घ्यायचं."

तीन विमानं चकचकीत होती, चौथं पिवळ्या फोमचं, अगदीच गबाळं. इंदुताईंनी चारही निरखून पाहिली आणि एकदम किंचाळल्या, "अगंबाई! भाऊसाहेब, तुमच्या कोपराशी झुरळ!"

भाऊसाहेब टुणकन उडाले, पिवळं विमान शेपटीला धरून उचललं आणि काउंटरवर फटाफट पाच-सहा रट्टे हाणले. विमानाचा पंखसुद्धा वाकला नाही.

"हेच द्या," इंदुताई म्हणाल्या. "तुमच्याच हातानं निवडलंय. त्या चकचकीत तिन्हींना तुमचा हात शिवलासुद्धा नाही."

गिऱ्हाईकं पोट धरधरून हसली. भाऊसाहेबांनी विमान बांधून दिलं खरं, पण नजर अजून काउंटरखाली भिरभिरत होती. "अहो, पण ते झुरळ गेलं कुठं?"

"ते होय? ते तुमच्या उरलेल्या तीन दणकट विमानांसारखंच. नुसतं बोलण्यापुरतं!"