धोंडी घाटावरची नाव

“तेरावं अपडेट सोमवारी येणार म्हणजे येणार!” रणधीर इनामदारांनी माईकवर जाहीर केलं आणि मंगल कार्यालयात जमलेल्या तीनशे खेळाडूंनी एकच गिल्ला केला.

‘सप्तकोट’ या ऑनलाइन खेळाचे इनामदार हे मालक. खेळात कुणी घोडेस्वार राऊत होई, कुणी वैद्य, कुणी सोनार, आणि मालकांना सगळे ‘सरकार’ म्हणत. सरकारांनी वर्षभरात बारा अपडेट आणले होते. त्यांचा हिशेब मांडायला म्हणून नाशिकला खेळाडूंचा मेळावा भरवला आणि सकाळपासून तिथे नुसता कल्ला चालला होता.

“वैद्याच्या काढ्याचा गुण निम्मा केला! का?” एसटीचे कंडक्टर सदानंद कुरणे खेळात वैद्य होते. “माझ्या हातून जखमी मरतात हो!”

“बरंच केलं!” वकीलबाई नलिनी ताम्हणे कडाडल्या. खेळात त्या राऊत होत्या. “तुमच्या काढ्यामुळे शत्रू मरतच नव्हते. मारून मारून माझा घोडा म्हातारा झाला!”

“घोडे म्हातारे होतात, ते एप्रिलच्या अपडेटनं!”

“ते मात्र झकास होतं!” मधूनच कुणीतरी ओरडलं.

“झकास? हत्तीला दात यायला आम्ही आठ महिने थांबलोय!”

सरकार मजेत ऐकत होते. शेवटी त्यांनी टेबलावर थाप मारली.

“बघा! तुमचं तुम्हालाच ठरवता येत नाही. म्हणून मी ठरवतो. सोमवारपासून धोंडी घाट बंद! नावेत बसून लोक दोन-दोन मिनिटं वाया घालवतात. यापुढे स्क्रीनवर बोट टेकवलं की थेट पलीकडच्या गडावर. नावाडी हवेतच कशाला?”

मागच्या रांगेत बसलेल्या मंजुळा परीट यांचा चेहरा उतरला. साताऱ्यात त्यांचं इस्त्रीचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या आणि मग तासभर खेळात नावाडी होऊन धोंडी घाटावर नाव हाकायची, हा त्यांचा चार वर्षांचा नेम. सभागृहातल्या निम्म्या माणसांना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, पण ओळखत सगळ्यांना होत्या. नावेतल्या त्या दोन मिनिटांत कुरण्यांनी लेकीचं लग्न ठरल्याचं सांगितलं होतं, आणि एरवी कुणाचंही न ऐकणाऱ्या ताम्हणे वकीलबाई आईच्या आजारपणात तिथेच रडल्या होत्या.

“घाट राहू द्या, सरकार!” चारदोन जण ओरडले.

“ठीक! पण एका अटीवर.” सरकारांनी मिशीवरून बोट फिरवलं. “खेळाबद्दलची एकच गोष्ट सांगा, जिच्यावर इथल्या सगळ्या खेळाडूंचं एकमत आहे. हात वर करून! एक जरी हात खाली राहिला, तर घाट बंद आणि वर्षभर तक्रारही बंद. पाच वाजेपर्यंत वेळ आहे.”

झालं! कुरण्यांनी पहिली गोष्ट मांडली, “खेळ चांगला आहे.”

“होता!” अर्ध्या सभागृहाने दुरुस्ती केली.

“बरं, चांगला होता.”

“आत्ताच तर चांगला झालाय!” उरलेले अर्धे म्हणाले.

“निदान नदी निळी आहे, एवढं तरी?” कुरणे काकुळतीला आले.

“जुलैत हिरवी केली की!”

“माझ्या फोनवर अजून निळीच आहे!”

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सरकार घड्याळाकडे आणि चहाकडे आळीपाळीने बघत होते. तेवढ्यात मंजुळाबाई उठून मंचाजवळ आल्या.

“मी विचारू का एक?”

“दहा विचारा, बाई!”

“एकच पुरे.” त्या सभागृहाकडे वळल्या. “हा खेळ सरकारांपेक्षा आपल्याला जास्त कळतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा!”

सपकन हात वर गेले! राऊतांचे गेले, वैद्यांचे गेले. ताम्हणेबाईंनी तर दोन्ही केले. खेळ बनवणारे सहा इंजिनियर सरकारांच्या मागेच बसले होते, त्यांचेही हात वर! सरकारांनी वळून बघितलं तसे ते डोकं खाजवू लागले.

“थांबा!” सरकार गरजले. “एक हात खालीच आहे. माझा!”

कुरण्यांनी कपाळावर हात मारला.

मंजुळाबाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्ही खेळाडू आहात का, सरकार?”

“अहो, खेळच माझा आहे!”

“मालकीचं नाही विचारलं. खेळता का?”

“अर्थात खेळतो!”

“मग धोंडी घाट ओलांडला असेलच. नाव हलण्याआधी नावाडी काय विचारतो, सांगा बरं?”

सरकारांनी मोठ्या इंजिनियरकडे पाहिलं. तो छताचा पंखा न्याहाळत होता.

“विचारतो... तिकीट काढलं का?”

छप्पर उडेल इतका हशा पिकला. मग सकाळपासून एका शब्दावरही एकमत न झालेल्या त्या माणसांनी एका सुरात उत्तर दिलं, “पोहता येतं का?”

“खेळाडू असता, तर हे ठाऊक असतं,” मंजुळाबाई म्हणाल्या. “नाही आहात, तर अट तुमचीच, सरकार! हात फक्त खेळाडूंचे मोजायचे.”

सरकारांनी चहाचा कप उचलला. “आणि पोहता येत नाही म्हटलं तर?”

“तर ‘बसा’ म्हणते.”

“येतं म्हटलं तर?”

“तरी ‘बसा’च म्हणते. गप्पा कुणाशी मारू मग?”

सरकार खो-खो हसत सुटले! हसता हसता चहा शर्टावर सांडला, तरी त्यांना भान नव्हतं. डोळे पुसत त्यांनी माईक ओढला.

“घाट राहिला! तेरावं अपडेट रद्द! आणि आजपासून मंजुळाबाई आमच्या घाटप्रमुख. पुढचं प्रत्येक अपडेट आधी त्यांना दाखवायचं. त्या ‘बसा’ म्हणाल्या, तरच ते पुढे जाईल!”

“वा, सरकार! वा!” अर्ध्या सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

“वाट लागली खेळाची!” उरलेल्या अर्ध्याने बाकं बडवली.

आणि सरकार पुन्हा हसू लागले.