शेळ्यांची वाट

एकदा एक शिष्य दळणाचा डबा घेऊन गिरणीत उभा होता. पुढे दोघी बोलत होत्या, आणि कानावर येतंय ते ऐकू नये असं कुणाला वाटतं? "म्हाताऱ्यानंच कुंपण तोडलं म्हणे. शेळ्या आत शिरल्या, आणि आता सगळा डोंगर..." एवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि पुढचं सारं घरघरीत बुडालं.

म्हातारा म्हणजे त्याचे गुरुजी. आणि डोंगर म्हणजे त्याची स्वतःची चार वर्षं. बोडका डोंगर आणि आटलेल्या विहिरी पाहून त्यानेच गावाला उठवलं होतं. दर अमावास्येला, औत बंद असतं त्या दिवशी, घरटी एक माणूस वर जाऊन खड्डे खणी, रोपं लावी. रोपं जगावीत म्हणून त्यानेच गावाच्या मागे लागून तारेचं कुंपण घालून घेतलं होतं.

डबा तिथेच ठेवून तो धावत वर गेला. गुरुजी पक्कड घेऊन शांतपणे तार गुंडाळत होते. तोडलेल्या जागेतून ठकूआजी धनगरीण शेळ्या घेऊन झऱ्याकडे चालली होती. वाटेकडेची काही रोपं शेंड्यापासून खुडलेली होती. शिष्याने मोजली, चौदा भरली.

"गुरुजी, ही रोपं तुमच्याही हातची आहेत."

"आहेत ना. झरा कुठल्या अंगाला आहे?"

"पलीकडच्या."

"आणि ठकूबाईचा शेळ्यांचा वाडा?"

"अलीकडच्या. पण सडकेनं वळसा घालून जाता येतं की."

"येतं की," ठकूआजी थांबून म्हणाली. "दोन कोस. परवा दोन गाभण शेळ्या सडकंवर बसल्या त्या उठल्याच न्हाईत. तू यायचं हुतंस बाबा उचलायला, लई जोर हाय तुझ्यात." मग जरा नरमली. "वाटेकडंचं गवत तेवढं खाऊ दे. हितनं पुढं रोपाला तोंड लावलं, तर शेळी हाय आन माझी काठी हाय."

शिष्य गुरुजींकडे वळला. ते एवढंच म्हणाले, "सुगी होऊ दे. मग बोलू."

तो महिनाभर त्यांच्या ओट्यावर चढला नाही.

फाल्गुनात सारं गाव गहू काढण्यात गुंतलं होतं. पलीकडच्या शिवारात कुणीतरी बांधावरचं काड पेटवलं आणि भर दुपारी वाऱ्याने ती आग डोंगरावर चढली. कुंपणाच्या तारांतून ती सहज आत शिरली. गावाला धूर दिसेपर्यंत ठकूआजी ओली फांदी घेऊन एकटी आग झोडपत होती आणि गळा फाटेस्तोवर हाका मारत होती. माणसं पोचली तेव्हा आग वाटेशी येऊन मंदावली होती. शेळ्यांनी दोन्ही अंगांचं गवत मुळापर्यंत खाल्लं होतं; तिथे जळायला काही उरलंच नव्हतं. वाटेच्या पलीकडची अर्धी रोपं गेली. अलीकडची सारी वाचली.

संध्याकाळी शिष्य राखेने माखलेला गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसला. गुरुजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"वाट अशी उपयोगी पडेल हे मलाही ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं ते इतकंच, की तारेला डोळे नसतात. आपण महिन्यातून एक दिवस डोंगरावर जातो. ठकूबाई रोज जाते. आणि आपण नेमकं तिलाच बाहेर काढलं. ती बाहेर असती तरी तिला धूर दिसला असता. पण ती खाली मान घालून सडकेनं गेली असती, आणि तिला बोल लावायला आपल्याला तोंड नसतं. रान राखायचं असेल तर आधी त्या रानावर कुणाचं पोट आहे ते विचारावं."

येत्या अमावास्येला वाटेची आखणी करताना ठकूआजीला पुढे घालायचं, हे शिष्याने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो गिरणीत गेला. त्याच दोघी होत्या. एकीने हळूच विचारलं, "काय हो, गुरुजींनीच कुंपण तोडलं हे खरं का?"

"खरं," तो म्हणाला.

"आणि शेळ्यांनी रोपं खाल्ली?"

"खाल्ली. चौदा."

"मग डोंगर..."

गिरणीवाला पट्ट्याला हात घालत होता. शिष्याने त्याचा हात धरला. "थांबा जरा," तो म्हणाला, "यांना पुढचं ऐकू दे."