मनोऱ्यासकट

इंग्लंडातल्या एल्मबरी गावात आठशे वर्षांपूर्वीचं एक दगडी चर्च होतं. गावचे जमीनदार सर रॉडरिक यांना आपल्या नव्या बंगल्यातून नदी दिसत नव्हती, कारण मध्ये या चर्चचा मनोरा येत होता. तो पाडायचाच, असा त्यांनी चंग बांधला. चर्चची देखभाल करणाऱ्या मार्थाबाईंनी मात्र सरकारकडे अर्ज केला, की ही वास्तू संरक्षित यादीत घ्यावी.

पाहणीला अधिकारी आले, तेव्हा अख्खा गाव चर्चमध्ये जमला. सर रॉडरिक काठी आपटत म्हणाले, "यात जुनं आहेच काय? भिंती एका शतकातल्या, कमानी दुसऱ्यातल्या, छत तिसऱ्यातलं. खिडक्या तर माझ्या आजोबांनी बसवल्या. ही नुसती ठिगळं आहेत! यांना कसलं संरक्षण?"

अधिकाऱ्यांची लेखणी थबकली. मार्थाबाई उठल्या.

"सर, आपलं घराणं किती जुनं?"

"तब्बल सातशे वर्षांचं!" सर छाती फुगवून म्हणाले.

"मग त्यातला पहिला पुरुष अजून हयात असेल ना?"

"हा काय वेडेपणा?"

"म्हणजे जुने गेले, नवे आले, सुना बाहेरून आल्या, तरी घराणं जुनंच. मग चार कमानी बदलल्या म्हणून आमचं चर्च नवं कसं झालं?"

बाकांवर हशा उसळला. अधिकाऱ्यांनी हसू दाबत तिथेच शेरा लिहिला, 'संरक्षणास पात्र. मनोऱ्यासकट.'

मार्थाबाईंनी धावत जाऊन घंटेचा दोर धरला आणि सरांची बग्गी दिसेनाशी होईपर्यंत घंटा वाजवली.