काजळी मान वळवून बघते

एका उंच, कोरड्या पठारावर विश्राम नावाचा एक अश्वपालक राहत असे. वडिलांनी उभारलेली पागा त्याच्याकडे आली होती. घोड्यांची पारख आणि लेखनाची गोडी या दोन्ही विद्या त्याला एकाच गुरूकडून मिळाल्या होत्या. हे गुरुजी तरुणपणी घोडे शिकवण्याचं काम करीत आणि दुपारच्या वेळी मुलांना लिहायला-वाचायला शिकवीत. आता ते थकले होते. शेजारच्या गावात लेकीकडे राहत.

दिवस वाईट आले. चारा महागला आणि घोडे विकत घेणारे कमी झाले. विश्रामची बायको सगुणा घर आणि पागा कशीबशी रेटत होती. अशात शहरातला एक व्यापारी घोडा बघायला म्हणून आला. तो एक साप्ताहिकही चालवीत असे. घोडा काही त्याने घेतला नाही, पण विश्राम घोड्यांविषयी बोलू लागला तेव्हा तो तास-दीड तास हलला नाही. जाताना म्हणाला, "विश्रामराव, हे जे बोललात ते लिहून द्या. दर आठवड्याला द्या. मोबदला मी देईन."

अशी ती जोडकमाई सुरू झाली. विश्रामने आधी शिंगरांच्या संगोपनावर लिहिलं, मग खुरांच्या निगेवर, मग चाऱ्यावर. कुणी फारसं वाचलं नाही. एका आठवड्यात विषय सुचेना, म्हणून त्याने काजळीवर लिहिलं. काजळी ही पागेतली सर्वांत म्हातारी घोडी. तिचं शेवटचं शिंगरू जन्मतःच गेलं होतं, आणि त्यानंतर ती कितीतरी दिवस शिंगराला बांधण्यासाठी राखलेल्या रिकाम्या ठाणापाशी उभी राहत असे.

व्यापारी स्वतः धावत आला. "अहो, नाल कसे ठोकावेत हे कोण वाचतं? या घोडीचं लिहा! माझ्या घरातल्या बायका डोळे पुसत होत्या. लोक विचारतात, पुढे काय झालं?"

विश्राम काजळीविषयी लिहीत राहिला. घरात धान्य आलं, पागेवर नवे पत्रे आले. सगुणेच्या कपाळावरची आठी गेली. अनोळखी माणसं काजळीची खुशाली विचारू लागली. हे सारं त्या घोडीमुळे झालं हे विश्राम विसरला नव्हता. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, यातही खोट नव्हती.

लिहिताना शांतता हवी म्हणून त्याने काजळीला पागेमागच्या छपरात नेलं. सगुणेला आणि गड्याला सांगितलं, "तिच्याकडे कुणी जाऊ नका. काजळीचं मी बघतो."

आणि तो खरोखरच बघत असे. सकाळी तिच्यासमोर स्टूल टाकून बसला की ऊन डोक्यावर येईपर्यंत उठत नसे. तिची पापणी कशी मिटते, खालचा ओठ कसा थरथरतो, माशी बसली की कातडी कशी शहारते, हे सारं तो टिपून घेई. पहिले काही दिवस त्याने तिची बादली वेळच्या वेळी भरली. पुढे पुढे मनात एखादं वाक्य घोळत असलं की तो स्वतःशीच म्हणे, एवढं झालं की उठतो. वाक्य झालं की दुसरं सुचे. संध्याकाळचं पाणी कधी सकाळवर जाई, सकाळचं दुपारवर, आणि पुढे कधी राहूनच जाई.

एकदा सगुणा म्हणाली, "अहो, काजळी खाते ना नीट? तिच्या छपरातली लीद फार कमी दिसते."

"म्हातारी झाली आहे," विश्राम म्हणाला. "भूक कमी होणारच."

त्याच दिवशी त्याने लिहिलं की काजळीने आता एखाद्या तपस्विनीप्रमाणे अन्नावरची वासना सोडायला सुरुवात केली आहे. ते वाक्य शहरात फार वाखाणलं गेलं.

व्यापाऱ्याला या लेखांचं पुस्तक काढायचं होतं. त्याआधी चार रसिक मंडळींना घेऊन तो पठारावर आला. विश्रामने गुरुजींनाही बैलगाडी पाठवून आणवलं. ओसरीवर सतरंजी अंथरली गेली. सगुणेने चहा दिला. विश्राम नवा लेख वाचू लागला. तो वाचत होता सर्वांसाठी, पण कान होते गुरुजींकडे. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "छान" असा एक शब्द त्याने ऐकला नव्हता.

"'काजळी आता पुन्हा पुन्हा मान वळवते आणि आपल्या कुशीकडे बघत राहते,'" विश्राम वाचत होता. "'जिथे एके काळी तिचं शिंगरू होतं, ती जागा ती शोधत असावी. पुढच्या पायाने ती जमीन उकरते. बसते आणि लगेच उठते. आठवण तिला बसू देत नाही. वरचा ओठ दुमडून ती आभाळाकडे तोंड करते...'"

गुरुजी उठले. काठी घेतली, कुणाकडे न बघता ओसरीच्या पायऱ्या उतरले आणि पागेमागे चालू लागले.

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. व्यापारी हळूच म्हणाला, "वय झालं की होतं असं. तुम्ही वाचा."

विश्रामने आणखी दोन ओळी वाचल्या. मग तो थांबला. भर मंडळींत गुरूने आपली विद्या पायदळी तुडवली, असं त्याला वाटलं. कागद तिथेच ठेवून तो रागाने त्यांच्यामागे गेला.

छपरात गुरुजींनी डोईचा रुमाल काढून ठेवला होता आणि काजळीच्या पोटाला कान लावून ते उभे होते. काजळीचं अंग घामाने भिजलं होतं.

"पोटात काहीच आवाज नाही," गुरुजी म्हणाले. "बादली बघ."

विश्रामने बघितलं. बादलीच्या तळाशी वाळलेलं शेवाळ आणि एक मेलेली माशी होती. ही बादली रोज त्याच्या स्टुलाशेजारीच असे. लिहिताना तो तिच्या कडेवर पाय टेकवीत असे.

मग सगळी धावाधाव झाली. सगुणेने कोमट पाणी आणलं. गड्याने काजळीला धरून चालवायचा प्रयत्न केला. पशुवैद्य आला, त्याने नाकातून नळी घालून तेल आणि पाणी पोटात सोडलं. "आधी बोलवायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला. काजळी कण्हत होती. विश्रामने तिची मान मांडीवर घेतली, तर तिने ती काढून घेतली आणि पुन्हा कुशीकडे वळवली. सूर्य मावळायच्या सुमाराला ती गेली.

दुसऱ्या दिवशी तिला पुरल्यावर विश्राम गुरुजींजवळ येऊन बसला. त्याने विचारलं, "गुरुजी, आपण वाचन अर्ध्यावर सोडून उठलात. माझं वाक्य खोटं होतं का?"

"खोटं असतं तर मी बसून राहिलो असतो," गुरुजी म्हणाले. "विश्राम, तुझं वाक्य अचूक होतं. घोडी कुशीकडे वळून बघते, जमीन उकरते, बसते, उठते, ओठ दुमडते. तू इतकं नेमकं लिहिलं होतंस की जागेवर बसून मला कळलं, चारा कोरडा पडून आतड्यात अडकला आहे, तिचं पोट बांधलं गेलं आहे आणि ती मरणाच्या वाटेवर आहे. हे लक्षण मी तुला तू लहान असताना शिकवलं होतं. तुला ते ठाऊक होतं. तुझ्या डोळ्यांनी खरं पाहिलं, लेखणीने खरं लिहिलं. मध्ये फक्त तू नव्हतास. पोटदुखीवर लेख होत नाही, आठवणीवर होतो. म्हणून तू तिच्या दुखण्याला आठवण म्हणालास."

विश्राम मान खाली घालून रडू लागला. गुरुजींनी त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "लेखणीवर चार पैसे मिळवणं हा दोष नाही. घर चालवायला हवंच. पण त्या घोडीने तुझं घर चालवलं, आणि तिला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. ती गोष्ट फार सुंदर नव्हती, इतकंच."

गाडी आली तसे गुरुजी निघून गेले.

आठवड्याने व्यापारी आला. त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते. "विश्रामराव, शेवटचा लेख द्या. सारं शहर वाट बघतं आहे."

विश्रामने एक छोटा कागद त्याच्या हाती दिला. त्यावर लिहिलं होतं: 'काजळी पाण्यावाचून मेली. घोडा मान वळवून कुशीकडे बघतो तेव्हा त्याच्या पोटात दुखत असतं. तिला पाणी देण्याचं काम माझं होतं.'

व्यापाऱ्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं. "हे कसं छापू?" तो म्हणाला. "लोकांनी तुमच्यासाठी अश्रू ढाळलेत. त्यांना काय वाटेल?"

"जे मला वाटतं तेच," विश्राम म्हणाला.

तो मजकूर छापला गेला नाही. पुस्तकही निघालं नाही. जोडकमाई बंद झाली, आणि त्या वर्षी पागेतले दोन चांगले घोडे विकावे लागले. सगुणेने एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि विश्रामला तेच अधिक जड गेलं. कधीतरी संध्याकाळी तो लिहायला बसे, पण सगळ्या ठाणांवरून फिरून आल्यावर. तोवर बहुधा अंधार पडलेला असे आणि हात थकलेले असत. फार थोडं लिहून होई.

ज्याच्या दुःखावर आपण हळहळून बोलतो, त्याचं आज काय अडलं आहे हे आपण त्याला विचारलं आहे का, एवढं बोलण्याआधी आठवावं.