बिडाची पट्टी

"हे अर्धं करताना कुठली पट्टी घेतली होतीस?"

तातोबा मेस्त्री विचारत होते. मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा. दारातून येणारं ऊन लाकडाच्या भुशावर पडलं होतं. मेस्त्रींच्या हातात पंपाच्या पॅटर्नची, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या लाकडी नमुन्याची, दोन सागवानी अर्धी होती. त्यांनी ती एकमेकांवर ठेवली, खुंट्या भोकांत बसवल्या आणि कडेवरून अंगठा फिरवला.

अंगठा अडकला. कड जुळत नव्हती.

समोर विश्वजित उभा होता. आठ महिने तो मेस्त्रींच्या हाताखाली शिकत होता. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

मेस्त्रींचा मुलगा युवराज अर्ध्या तासापूर्वी फाउंड्रीत मूळ ड्रॉइंग बघायला गेला होता. फोन त्याच्या नंबरावरून होता. आवाज दुसऱ्या कुणाचा होता.

मेस्त्रींनी ऐकून घेतलं. दोन्ही अर्धी बाकावर ठेवली. करवतीचं बटण बंद केलं. मग चपला शोधू लागले.

चपला पायातच होत्या.

विश्वजितचं उत्तर राहून गेलं.

*

तीन वर्षांनी, पावणेचारच्या सुमारास, विश्वजित पुन्हा त्या दारात आला. हातात प्लास्टिकची फाईल होती. शर्टाला कडक इस्त्री होती.

मेस्त्री रंध्याचं पातं दगडावर घासत होते. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

"मेस्त्री, ओळखलं का?"

"बस की."

बसायला एकच स्टूल रिकामं होतं. दुसऱ्यावर ओळंबे आणि खिळ्यांचा डबा होता. तो कधीचा कुणी हलवला नसावा. विश्वजित पहिल्या स्टुलावर बसला. मेस्त्री उभेच राहिले.

"दोन ओळींचं काम होतं," विश्वजित म्हणाला. "उद्या दहाला मुलाखत आहे, वसाहतीतल्या मोठ्या फाउंड्रीत. पॅटर्न विभागाला माणूस पाहिजे त्यांना. मालक म्हणाले, बाकी सगळं ठीक आहे, पण तातोबांचं काय म्हणणं आहे ते लिहून आण."

औद्योगिक वसाहतीत ही जुनी पद्धत होती. पॅटर्न विभागात नवा माणूस घेताना आधी मेस्त्रींचा शब्द घ्यायचे. कॉम्प्युटर आले तरी ती मोडली नव्हती.

"तू तर कॉम्प्युटरवर होतास."

"कंपनी गुंडाळली. अकरा महिने झाले."

"मग?"

"चौदा मुलाखती दिल्या. चौदाही ठिकाणी 'कळवतो' म्हणाले." तो थोडं हसला. "मग एक कोर्स केला. तीन दिवसांचा. नोकरी कशी मिळवायची याचा."

"तो शिकवणारा नोकरी करतो?"

"नाही... तो कोर्स घेतो."

मेस्त्रींनी पात्याची धार नखावर बघितली.

"काय शिकवलं?"

"चारशे अर्जांत आपला अर्ज वेगळा दिसला पाहिजे. मालक एक अर्ज सात सेकंद बघतो. त्या सात सेकंदांत धरायचं त्याला."

"सात सेकंदांत मला सागवानसुद्धा कळत नाही," मेस्त्री म्हणाले. "वाच बघू, काय लिहिलंयस."

विश्वजितनं फाईल उघडली. आवाज थोडा वेगळा झाला. आरशासमोर सराव केल्यासारखा.

"जबाबदारी घेणारा, चिकाटीचा, बारकाईनं काम करणारा तंत्रज्ञ..."

"कोण?"

"मी."

"बरं. पुढं."

"पारंपरिक पॅटर्न निर्मितीचा आठ महिन्यांचा अनुभव. पाचशे मिलिमीटर पंप केसिंगच्या पॅटर्नचं काम स्वतंत्रपणे हाताळलं..."

मेस्त्रींचा हात थांबला.

विश्वजितला ते दिसलं. तो पुढची ओळ वाचायला गेला, आणि त्याला ओळ सापडेना.

आतल्या दारातून शुभांगी चहा घेऊन आली. युवराजची बायको. तिनं दोन कप बाकावर ठेवले आणि विश्वजितकडे नीट बघितलं.

"बारीक झालास रे."

"हो, वहिनी."

"आमचे हे तुझं नाव काढायचे. पोराचा हात चांगला आहे म्हणायचे."

विश्वजितनं कप उचलला. पुन्हा ठेवला.

"साखर बघ, कमी असेल तर सांग," म्हणून ती आत गेली.

शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला, बंद झाला.

"कागद दे इकडं," मेस्त्री म्हणाले.

त्यांनी अर्जाचा कागद बाकावर पसरला. खणातून एक पोलादी पट्टी काढली आणि विश्वजितच्या हातात दिली.

"मोज. उभा."

"कागद?"

"व्हय."

"दोनशे सत्त्याण्णव असतो, मेस्त्री. ठरलेलं माप आहे."

"मोज म्हणतोय ना."

त्यानं पट्टी लावली. वाकून बघितलं. कागद सरळ केला, पुन्हा लावली.

"दोनशे चौऱ्याण्णव."

"कागद कमी भरला म्हणायचा?"

"नाही, कागद तेवढाच आहे. ही पट्टी..." त्यानं पट्टी उलटसुलट केली. अक्षरं झिजून गेली होती, आकडे तेवढे उरले होते. "ही बिडाची आहे."

वितळलेलं बीड साच्यात थंड होताना आकसतं. म्हणून लाकडी पॅटर्न ठरल्या मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, शंभराला एक इतका. तो हिशोब पट्टीतच धरलेला असतो. बिडाच्या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर जरासा मोठा असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

मेस्त्रींनी दुसरी पट्टी काढली आणि पहिलीशेजारी ठेवली. सुरुवातीचे आकडे जुळले. पुढे ते हळूहळू सरकत गेले, आणि शेवटी एकमेकांना सोडून उभे राहिले.

"आता सांग, बरोबर कुठली?"

"साधी."

"बिडाचा पंप करायचाय."

"मग बिडाची."

"कागद मोजायचाय."

"साधी... मेस्त्री, हे मला येतं. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंत तुम्ही."

"व्हय. शिकवलं होतं."

विश्वजितनं पट्ट्यांकडे बघितलं. चौदा माणसांनी आपल्याला कुठल्या पट्टीनं मोजलं असेल, असं त्याच्या मनात आलं. मेस्त्रींना तेच सांगायचं असावं. त्याला जरा बरं वाटलं.

"म्हणजे माझं माप कमी नाही, असं म्हणायचंय तुम्हाला. मोजणाऱ्यांची पट्टी वेगळी होती."

"मी काय बोललोच नाही अजून."

"मग?"

मेस्त्री फळीपाशी गेले. वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते काढलं, फडकं सोडलं आणि बाकावर कागदाशेजारी ठेवलं.

पंपाच्या पॅटर्नची दोन अर्धी. एकावर पेन्सिलनं लिहिलं होतं, यु. दुसऱ्यावर, वि.

"जोड."

विश्वजितनं हात पुढे केला नाही.

मेस्त्रींनी स्वतःच ती एकमेकांवर ठेवली. खुंट्या भोकांत गेल्या. दोन्ही टोकांना अडीच-अडीच मिलिमीटरची पायरी राहिली.

"त्या दिवशी एक विचारलं होतं," मेस्त्री म्हणाले. "फोन आला, राहून गेलं."

"तीन वर्षांनी काय उपयोग आहे आता..."

"उपयोगाचं नाही विचारलं. पट्टी विचारली."

विश्वजित स्टुलावरून उठला. दाराकडे बघितलं. आतल्या दाराकडे बघितलं. तिथे पडदा होता, आणि मागे भांड्यांचा आवाज येत होता.

त्याला समजेना. हे सगळं माहीत असेल तर यांनी बसायला का सांगितलं? चहा का दिला? आणि माहीत नसेल तर...

"खरं सांगितलं तर चिठ्ठी मिळणार नाही," तो म्हणाला.

"असं म्हणालो मी?"

"नाही."

"मग कुणी म्हटलं?"

"आणि खोटं सांगितलं तर?"

मेस्त्रींनी गार झालेल्या चहाचा घोट घेतला.

"मला काय कळणार आहे," ते म्हणाले. "मी तिकडं करवतीवर होतो."

शेजारचा ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मग थांबला.

"साधी घेतली होती." तो अर्जाच्या कागदाकडे बघून बोलत होता. "बिडाची सापडेना पटकन, म्हणून हाताला लागली ती घेतली. अर्धं झाल्यावर लक्षात आलं. पण लाकूड तर कापून झालं होतं. वाटलं, घासताना भागेल."

मेस्त्रींनी कप खाली ठेवला.

"युवराजदादानं जोडून बघितलं. मला विचारलं, बिडाची घेतलीस ना? मी म्हटलं..." तो थांबला. "मी म्हटलं, बिडाचीच."

"बरं."

"त्यानं पुन्हा नाही विचारलं. ड्रॉइंगची झेरॉक्स धरली उजेडात. म्हणाला, आकडा पुसट आहे, मीच चुकीचा वाचला असणार. मूळ ड्रॉइंग बघून येतो. आणि गाडीची किल्ली घेतली."

त्यानं कागदाची कड नखानं दाबली.

"ड्रॉइंगमध्ये काही चूक नव्हती, मेस्त्री. मला माहीत होतं. तो गाडी चालू करेपर्यंत सांगता आलं असतं. लाथ मारून चालू होत नव्हती ती. तीन-चारदा मारली त्यानं. मी इथंच उभा होतो, ह्याच जागेवर."

मेस्त्रींनी दोन्ही अर्धी वेगळी केली. सावकाश, खुंटी न मोडता.

"ऐकू आली होती मला," ते म्हणाले.

"काय?"

"गाडी. चालू होत नव्हती ती."

विश्वजित त्यांच्याकडे बघत राहिला. मेस्त्री राग गिळताहेत, की त्याला माफ करताहेत, की नुसतं सांगताहेत, काही कळत नव्हतं. चेहरा पात्याला धार लावताना होता तसाच होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंगठ्याला कळलं होतं. शंभराला एक. दुसरं काय असणार?"

"मग तेव्हाच का नाही... मी दादाच्या तेराव्यालाही आलो होतो. दोन महिन्यांनी निरोप घ्यायला आलो. तेव्हा का नाही बोललात?"

"प्रश्न विचारून झाला होता," मेस्त्री म्हणाले.

विश्वजितनं अर्जाचा कागद उचलला. घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली. 'स्वतंत्रपणे हाताळलं' ही ओळ नेमकी घडीवर आली.

"ही ओळ काढून टाकतो," तो म्हणाला.

"का? खोटी आहे?"

"खरी म्हणजे... काम मी एकट्यानंच केलं होतं. त्या अर्ध्याचं. पण..."

"मग राहू दे."

"राहू दे?"

"विचारतील तुला, काय हाताळलं. सांग."

"हे? हे सांगू मुलाखतीत? चारशे जणांत कोण घेईल मला?"

"वेगळा तर दिसशील."

विश्वजितला हसू आलं, आणि अर्ध्यातच थांबलं. मेस्त्री हसत नव्हते. ही थट्टा होती की सल्ला, तेही त्याला कळलं नाही.

साडेचार झाले होते. ऊन दारातून सरकून करवतीच्या पायाशी गेलं होतं.

मेस्त्रींनी 'वि' लिहिलेलं अर्धं उचललं आणि कोपऱ्यातल्या जळणाच्या ढिगावर ठेवलं. फेकलं नाही. ठेवलं. 'यु' लिहिलेलं अर्धं बाकावर राहू दिलं. मग दुसऱ्या स्टुलावरचे ओळंबे उचलले, खिळ्यांचा डबा उचलला आणि दोन्ही खाली ठेवले. स्टुलावरची धूळ हातानं पुसली.

कोपऱ्यातून सागवानाचा एक ठोकळा आणला. बाकावर, त्या अर्ध्याशेजारी ठेवला. दोन्ही पट्ट्या ठोकळ्यावर आडव्या ठेवल्या. कुठली कुठली, ते सांगितलं नाही.

"मेस्त्री, चिठ्ठी..."

"काय लिहू?"

विश्वजितनं विचार केला. कोर्समध्ये शिकलेले शब्द एकेक करून आठवले. एकही पुढे येईना.

"मला नाही माहीत."

"मलापण नाही."

"उद्या दहाला जायचंय मला."

"व्हय, सांगितलंस."

"आणि हे करून तरी काय करायचं? ती ऑर्डर दुसऱ्या मेस्त्रीनं पुरी केली. तो पंप आता कुणी बनवतसुद्धा नाही."

मेस्त्री दुसऱ्या स्टुलावर बसले. 'यु' लिहिलेल्या अर्ध्याच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अंगठा कुठेच अडकला नाही.

"युवराजच्या अर्ध्याची जोडी," ते म्हणाले, "अजून झालेली नाही."